पेढी, पदवी आणि परीक्षा : मुंबईतील वित्तव्यवसायाच्या प्रवेशद्वाराचा इतिहास

मुंबईच्या व्यापारी व औद्योगिक इतिहासावर विपुल लेखन उपलब्ध आहे. कापूस बाजार, कापड गिरण्या, गोदी आणि शेअर बाजार यांच्या वाढीचा परामर्श अनेक अभ्यासकांनी घेतला आहे. त्या मानाने या शहरातील बँकांत, विमा कंपन्यांत, लेखापरीक्षकांच्या कचेऱ्यांत व दलालांच्या पेढ्यांत काम करणारी माणसे कोठे शिकली, काय शिकली आणि त्यांना आत प्रवेश मिळाला तो शिक्षणाच्या बळावर की अन्य कशाच्या, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. वाणिज्य शाखेत अध्यापन करणारे आपण सर्वजण ‘वित्तीय सेवा क्षेत्रातील संधी’ हे शब्द महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात दरवर्षी छापतो. त्या शब्दांमागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, याची जाणीव मात्र अभ्यासक्रम ठरविताना क्वचितच दिसते.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. महाविद्यालयीन वित्तशिक्षणाने व्यवसायाचे कसब कितपत शिकविले, याविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु पैशाच्या व्यवसायात शिरण्यासाठी जात, नाते आणि जामीन यांखेरीज दुसरा मार्ग असू शकतो, ही शक्यता या शिक्षणाने निर्माण केली. तो मार्ग ज्या ज्या काळी रुंद झाला, त्या त्या काळी तो परीक्षेमुळे झाला. आणि ती परीक्षा बहुधा महाविद्यालयाबाहेरच्या कोणाच्या तरी हाती होती. या विसंगतीचा विचार पुढे केला आहे.

पेढीवरील उमेदवारी

एकोणिसाव्या शतकातील मुंबईत पैशाचे काम शिकण्याची जागा पेढी हीच होती. मुलगा कळता झाला की मामाच्या वा चुलत्याच्या पेढीवर बसे. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ झालेल्या मुलाला रोजमेळ लिहिणे, कीर्दीवरून खतावणी करणे, हुंडीची मुदत आणि हुंडणावळ मोजणे, नाणे पारखणे ही कामे क्रमाने दिली जात. गुजराती आणि मारवाडी पेढ्यांच्या वह्या त्यांच्या त्यांच्या लिपीत, तर मराठी सावकारांचे दप्तर मोडीत असे. या शिक्षणाला कोणतेही प्रमाणपत्र नव्हते. मुनीम आपल्या हाताखालच्या मुलाविषयी शेठजींजवळ दोन शब्द बोलला, तर तेच त्याचे प्रमाणपत्र.

युरोपीय बँकांनीही ही पद्धत मोडली नाही. उलट तिचा उपयोग करून घेतला. १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे असो वा विनिमय बँका असोत, त्यांच्या गोऱ्या व्यवस्थापकांना स्थानिक व्यापाऱ्यांची पत कळत नसे. त्यासाठी शराफ किंवा खजांची नेमला जाई. रोकड विभागातील माणसे तो स्वतः निवडी आणि त्यांच्या सचोटीची हमीही तोच देई. रोकड कमी भरली तर भरपाई त्याला करावी लागे. साहजिकच तो ओळखीतल्या, नात्यातल्या, ज्ञातीतल्या माणसांनाच घेई. याला केवळ पक्षपात म्हणणे अनैतिहासिक ठरेल. माणसाची विश्वासार्हता मोजण्याचे दुसरे साधन नसलेल्या व्यवस्थेत जात हेच माहितीचे साधन बनले होते. मात्र ज्याच्या जातीला पेढीच नाही, त्याला या व्यवस्थेत उमेदवारी करण्यासही जागा नव्हती.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या भावाने शहरात पैशाचा पूर आला आणि १८६५ साली युद्ध संपताच तो ओसरला. शेअरांच्या तारणावर बेसुमार कर्जे देऊन बसलेली बँक ऑफ बॉम्बे त्यात बुडाली व १८६८ साली त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. त्या तेजीतील अग्रणी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर उभे राहिले. तेजीच्या पैशाने विद्यापीठाची इमारत बांधली गेली. पण तेजी का येते आणि बँका का बुडतात, हे शिकविणारी वाणिज्याची पदवी त्या इमारतीत यायला पुढे जवळपास अर्धशतक लागले. बी. ए.च्या वर्गात अर्थशास्त्र होते, पण ते इंग्लंडमधील ग्रंथकारांच्या सिद्धांतांपुरते. शेअर दलालांनी १८७५ साली आपला संघ स्थापन केला, तोही विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर. या दोन संस्थांनी एकमेकींची दखल घेतल्याचे फारसे आढळत नाही.

१९१३

या निबंधाच्या दृष्टीने १९१३ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेज ऑफ कॉमर्स अँड इकॉनॉमिक्स सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचे नाव त्यास देण्यात आले. सोराब दावर यांची खाजगी वाणिज्य संस्था १९०० पासूनच शहरात चालू होती; परंतु पदवीपर्यंतचे वाणिज्यशिक्षण देणारे सरकारी महाविद्यालय ही नवी गोष्ट होती.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये लाहोरची पीपल्स बँक बुडाली आणि वर्षअखेरीस मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात कोसळली. स्वदेशीच्या उत्साहात निघालेल्या अनेक बँकांची पडझड पुढील काही वर्षे चालू राहिली. त्याच वर्षी संमत झालेल्या भारतीय कंपनी कायद्याने लेखापरीक्षकाच्या पात्रतेला कायदेशीर अर्थ दिला. लंडनमध्ये जॉन मेनार्ड केन्स यांचा भारतीय चलनपद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आणि बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव रामजी आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. या घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह टाळला पाहिजे. तरीही महाविद्यालय जन्माला आले ते बँका बुडण्याच्या मोसमात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

प्रारंभी के. एस. अय्यर यांनी मानद प्राचार्यपद सांभाळले. त्यानंतर पूर्णवेळ प्राचार्य म्हणून पर्सी अँस्टी आले. १९२० साली त्यांचे मुंबईतच निधन झाले. त्यांच्या पत्नी व्हेरा अँस्टी यांनी पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अध्यापन केले व भारताच्या आर्थिक विकासावर १९२९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ दीर्घकाळ पाठ्यग्रंथासारखा वापरला गेला. महाविद्यालयाच्या नावातच वाणिज्य आणि अर्थशास्त्र अशी जोडी आहे. हिशेब लिहिणाऱ्याला चलन, व्याजदर आणि सार्वजनिक वित्त यांचेही ज्ञान असावे, अशी ही कल्पना. ती नंतर कितपत टिकली, हे पुढे पाहू.

एक प्राध्यापक

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आर्थिक विचारांवर बरेच लेखन झाले आहे. वित्तव्यवसायातील प्रवेशाच्या दृष्टीने त्यांच्या चरित्रातील १९१७ ते १९२८ या काळाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून ते १९१७ साली परतले. बडोद्याच्या नोकरीत राहायला घर मिळेना, म्हणून ती सोडून मुंबईस आले. उपजीविकेसाठी त्यांनी जे प्रयत्न केले, त्यांत शेअर व रोखे यांविषयी व्यापाऱ्यांना सल्ला देण्याच्या व्यवसायाचा समावेश होता. आजच्या भाषेत ज्यास गुंतवणूक सल्लागार म्हणतात, तोच हा व्यवसाय. सल्लागार अस्पृश्य समाजातील आहे हे कळताच अशिलांनी येणे थांबविले आणि तो व्यवसाय बंद पडला, असे चरित्रकार नोंदवितात.

या प्रसंगाचे गांभीर्य नीट समजून घेतले पाहिजे. कोलंबियात अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेला, सार्वजनिक वित्तावर संशोधन केलेला माणूस तेव्हा मुंबईत सहजी सापडणारा नव्हता. सल्ला योग्य की अयोग्य, हा प्रश्न अशिलांपुढे कधी आलाच नाही. पेढीच्या व्यवस्थेत पत ही व्यक्तीची नसून कुळाची व जातीची असते, हे त्यांनी आपल्या वागण्यातून सांगितले. ज्ञान होते, अनुभव मिळविण्याची तयारी होती. अभाव होता तो जामिनाचा.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. मार्च १९२० पर्यंत ते त्या पदावर होते. विद्यार्थ्यांना त्यांचे अध्यापन आवडे. सहकारी प्राध्यापकांपैकी काहींनी मात्र पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास हरकत घेतली. म्हणजे जातीय व्यवहार महाविद्यालयाच्या उंबरठ्याबाहेर राहिला होता, असे नाही. फरक एवढाच की येथे नेमणूक सरकारी होती, पात्रता लिखित होती आणि भांड्यावरून कुरकुर करणाऱ्यांना ती नेमणूक रद्द करता येत नव्हती. बाजाराने ज्याला दोन वाक्ये ऐकण्यापूर्वी परत पाठविले, त्याला महाविद्यालयाने वर्ग दिला. माझ्या मते वाणिज्य महाविद्यालयांच्या इतिहासातील ही सर्वांत मोलाची नोंद आहे, आणि आपल्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांतून ती हवी तितकी ठळकपणे येत नाही.

पगारातून साठविलेल्या पैशांवर आंबेडकर पुन्हा लंडनला गेले. तेथे १९२३ साली पूर्ण झालेला रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध त्याच वर्षी ग्रंथरूपाने आला. त्यास त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची प्रस्तावना होती. केन्स यांनी ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीचा पुरस्कार केला होता, तिचे खंडन त्यात आहे. चलननिर्मितीवर व्यवस्थापकांच्या मर्जीखेरीज दुसरे बंधन नसेल, तर किमती वाढतात आणि त्याचा भार सामान्यांवर पडतो, हा त्यातील युक्तिवादाचा गाभा म्हणता येईल. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही रुपयाचा दर खाली आणल्यास व्यापारी वर्गाचा फायदा आणि मिळवत्या वर्गाचे नुकसान होते, हा मुद्दा त्यांनी मांडला. आयोगाच्या शिफारशींपैकी मध्यवर्ती बँकेची कल्पना पुढे १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेच्या रूपाने प्रत्यक्षात आली.

त्याच सुमारास, १९२५ ते १९२८ या काळात, आंबेडकर बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायद्याचे अंशकालीन अध्यापन करीत होते. आयोगापुढे चलनदरावर साक्ष देणारा हा अर्थशास्त्रज्ञ संध्याकाळी हिशेबनिसांच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलांना कराराचा कायदा शिकवितो, हे चित्र आज काहींना विचित्र वाटेल. मला ते स्वाभाविक वाटते. परीक्षा ही त्या मुलांसाठी काय वस्तू होती, हे शिकविणाऱ्याला नेमके ठाऊक होते.

परीक्षेचे राज्य

ही परीक्षा होती सरकारी अकाउंटन्सी पदविकेची, म्हणजे जी. डी. ए.ची. मुंबई सरकारने ती १९१८ साली सुरू केली. पदविका आणि मान्यताप्राप्त हिशेबतपासनिसाकडे तीन वर्षांची उमेदवारी पूर्ण करणाऱ्यास लेखापरीक्षणाचे अनिर्बंध प्रमाणपत्र मिळू शके. त्यापूर्वी ही कामे मुख्यतः इंग्लंडच्या संस्थांचे सभासद असलेल्या मंडळींकडे जात. जी. डी. ए. पुढे १९४३ साली बंद झाली आणि चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यान्वये १ जुलै १९४९ रोजी आजची संस्था अस्तित्वात आली. बँकांसाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स १९२८ साली स्थापन झाली होती. तिच्या परीक्षांचे भाग उत्तीर्ण होणाऱ्या बँक कर्मचाऱ्यास जादा वेतनवाढी मिळू लागल्या, आणि रात्री जेवणानंतर सी. ए. आय. आय. बी.ची पुस्तके उघडून बसलेले वडील हे मध्यमवर्गीय मराठी घरांतील नेहमीचे दृश्य बनले.

येथे दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. जामिनाची जागा गुणपत्रिकेने घेण्यास सुरुवात झाली, ही पहिली. दुसरी अशी की व्यवसायाला ज्या परीक्षेशी कर्तव्य होते, ती विद्यापीठाची नव्हतीच. बी. कॉम. पदवी मानाची खरी, पण दार उघडे ते दुसऱ्याच किल्लीने. शिवाय आर्टिकलशिप कोणाकडे मिळणार, हा प्रश्न होताच. उमेदवाराकडून प्रीमियम घेण्याची इंग्लंडमधील रीत येथेही आली होती. परीक्षेने उघडलेले दार उमेदवारीने अर्धे लोटले जाई. ही अडचण जुनी आहे आणि आजही पूर्णपणे गेलेली नाही.

स्वदेशी बँकांचा इतिहास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे संस्थापक सोराबजी पोचखानवाला कारकून म्हणून बँकेत लागले आणि लंडनच्या बँकर्स इन्स्टिट्यूटची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या पहिल्या काही भारतीयांत त्यांची गणना होते. तरीही वरची जागा गोऱ्यांसाठीच आहे हे उमगल्यावर त्यांनी १९११ साली भारतीयांच्याच मालकीची व व्यवस्थापनाखालची बँक काढली. पुण्यात याचे वेगळे रूप दिसते. बँक ऑफ महाराष्ट्र १९३५ साली नोंदली गेली. तिच्या संस्थापकांत वामन गोविंद काळे होते; फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविलेले हे प्राध्यापक बँकेचे पहिले अध्यक्ष झाले. मराठी समाजाला भांडवलाची परंपरा नाही, अशी तक्रार आपण नेहमी करतो. या समाजाने बँक काढली तेव्हा तिच्या अध्यक्षपदी अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता, ही बाब त्या तक्रारीबरोबरच मांडली पाहिजे.

महाविद्यालयेही वाढली. माटुंग्यास पोदार महाविद्यालय १९४१ साली, पुण्यास बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ साली निघाले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५३ साली वाणिज्य व अर्थशास्त्राचे स्वतंत्र महाविद्यालय सुरू केले. सल्लागाराचा व्यवसाय ज्यांना बंद करावा लागला, त्यांनीच स्थापन केलेल्या संस्थेचे हे वाणिज्य महाविद्यालय फोर्ट भागात, म्हणजे बाजाराच्या ऐन शेजारी उभे राहिले.

राष्ट्रीयीकरण आणि मोठे दार

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले; १५ एप्रिल १९८० रोजी आणखी ६ बँकांची त्यात भर पडली. १९६९ साली देशात बँकांच्या सुमारे ८,३०० शाखा होत्या, त्या १९९१ पर्यंत ६०,००० वर गेल्या. इतकी माणसे ओळखीपाळखीने भरणे शक्य नव्हते आणि सरकारी मालकीमुळे ते योग्यही ठरले नसते. राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेत १९७५ साली सुरू झालेल्या निवड सेवेतून पुढे १९८४ साली आय. बी. पी. एस. ही स्वतंत्र संस्था झाली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बँकिंग सेवा भरती मंडळे आली. अनुसूचित जाती व जमातींसाठी राखीव जागा लागू झाल्या. मंडल निर्णयानंतर १९९३ पासून इतर मागासवर्गीयांनाही.

खजांचीची हमी ते संगणकाने तपासलेली उत्तरपत्रिका, हा या शतकातील सर्वांत मोठा पालट आहे असे मी मानतो. तालुक्याच्या गावात शिकलेला, घराण्यात पूर्वी कोणी बँकेची पायरी चढलेला नाही असा मुलगा किंवा मुलगी वीस-पंचवीस वर्षांत शाखाधिकारी होऊन त्याच गावी परतू लागली. ज्या काउंटरपुढे वडील टोपी काढून उभे राहिले, त्याच्या पलीकडे मुलगी बसली. समाजशास्त्रज्ञांनी या स्थित्यंतराचा तपशीलवार अभ्यास करणे आवश्यक आहे.

वाणिज्याच्या अध्यापकांना मात्र या यशात फारसे श्रेय घेता येत नाही. भरती परीक्षेत तर्कशक्ती, अंकगणित, इंग्रजी व सामान्यज्ञान यांवर प्रश्न असत. कोणत्याही शाखेचा पदवीधर पात्र होता. भौतिकशास्त्राचे आणि मराठी वाङ्मयाचे पदवीधर अधिकारी झाले, आणि बँकिंग त्यांना बँकांनीच शिकविले. रिझर्व्ह बँकेचे मुंबईतील बँकर्स ट्रेनिंग कॉलेज १९५४ पासून होते, स्टेट बँकेचे हैदराबादचे स्टाफ कॉलेज १९६१ पासून. बी. कॉम.च्या वर्गात आम्ही परक्राम्य संलेख कायद्यातील रेखांकित धनादेशाचे प्रकार घोकून घेत होतो. शेजारच्या खाजगी वर्गात तोच विद्यार्थी आकृत्यांची मालिका पूर्ण करीत होता, आणि नोकरी त्याला त्या मालिकेने दिली.

सहकारी क्षेत्राचा उल्लेख येथे टाळता येणार नाही. महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँका व पतसंस्था यांसाठी राज्य शासनाची सहकार व लेखाकर्म पदविका, म्हणजे सर्वपरिचित जी. डी. सी. अँड ए., हा एक स्वतंत्र मार्ग राहिला आहे. तिची उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते. वित्तव्यवसायातील किती परीक्षांबाबत असे म्हणता येईल, याचा विचार व्हावा.

१९९१ नंतर

नरसिंहम समितीचा अहवाल १९९१ चा. पुढील वर्षी सेबीला वैधानिक दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी रोखे घोटाळा उघडकीस आला. १९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजारात पडद्यावरचे व्यवहार सुरू झाले, १९९५ साली मुंबई शेअर बाजाराने रिंगणातील आरडाओरड बंद करून तोच मार्ग धरला. रिंगणात उभे राहून, काका-मामांच्या खुणा पाहून शिकण्याची शेवटची मोठी पेढी अशा रीतीने मिटली. सार्वजनिक बँकांतील नवी भरती आटली, आणि २०००-०१ मधील स्वेच्छानिवृत्ती योजनेत सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. नव्या खाजगी बँका, म्युच्युअल फंड आणि १९९९ च्या कायद्यानंतर आलेल्या विमा कंपन्या यांना माणसे हवी होती. पण ती त्यांनी आपल्या पद्धतीने निवडली.

विद्यापीठाने याला उत्तर दिले ते विनाअनुदानित अभ्यासक्रमांच्या रूपाने. मुंबई विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्राची पदवी १९९९ साली, बँकिंग व विमा आणि लेखा व वित्त या विषयांतील स्वतंत्र बी. कॉम. पदव्या २००३-०४ पासून सुरू झाल्या. वित्तीय बाजारांची पदवी त्यानंतर आली. बाजारानेही स्वतःच्या परीक्षा काढल्या. राष्ट्रीय शेअर बाजाराची प्रमाणपत्रे १९९८ पासून होती. सेबीने २००६ साली राष्ट्रीय प्रतिभूति बाजार संस्था स्थापन केली आणि बाजारातील अनेक कामांसाठी तिचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. पुन्हा तेच घडले : पदवी महाविद्यालयाची, दाराची किल्ली बाहेरची. आता मात्र पदवीलाही मोठे शुल्क होते आणि प्रत्येक किल्लीलाही.

या अभ्यासक्रमांची सरसकट निंदा करणे अन्यायाचे होईल. त्यांतून चांगली मुले घडली, हे मी जवळून पाहिले आहे. माझा आक्षेप दोन बाबींपुरता आहे. ते जवळजवळ सर्वत्र इंग्रजीतून चालतात, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी अनुदानित बी. कॉम.मध्ये राहतो आणि एकाच इमारतीत दोन मजल्यांवर दोन वर्ग तयार होतात. दुसरा आक्षेप आशयाविषयी आहे. म्युच्युअल फंडाचे प्रकार, व्युत्पन्न करारांची गणिते, ग्राहक ओळखीची कागदपत्रे यांना भरपूर तासिका मिळाल्या. पण चलन म्हणजे काय, व्याजदर बदलला की कोणाचे उत्पन्न कोणाकडे सरकते, बँक का बुडते, हे प्रश्न कडेला गेले. १९१३ च्या नावातील वाणिज्य उरले, अर्थशास्त्र आखडले.

याची किंमत अमूर्त नाही. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदारांना प्रथम केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा राहिली. एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जे हजारो बनावट खात्यांआड लपविली होती. त्या आठवड्यात बँकिंग व विमा शाखेच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मी ताळेबंद फळ्यावर मांडला. ज्यांच्या घरच्या ठेवी त्या बँकेत अडकल्या होत्या, अशा तीन विद्यार्थ्यांपैकी एकीने विचारले की कर्जे कोणाला दिली हे ठेवीदाराला ताळेबंदातून कळायला हवे होते ना? पाचव्या सत्रापर्यंत आम्ही तिला हे कोठेच शिकविले नव्हते. स्पेसी बँक बुडाली त्या हंगामात निघालेल्या महाविद्यालयांच्या परंपरेतले आम्ही अध्यापक. आमच्यापाशी उत्तर होते, अभ्यासक्रमात जागा नव्हती.

अलीकडे चित्र पुन्हा बदलते आहे. सार्वजनिक बँकांची सामायिक परीक्षा २०११ पासून आय. बी. पी. एस. घेते. लिपिक भरतीची पूर्व व मुख्य परीक्षा इंग्रजी व हिंदीबरोबर १३ प्रादेशिक भाषांतून घेण्याची शिफारस अर्थ मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये केली. मराठीतून शिकलेल्या मुलासाठी हे दार थोडे अधिक उघडले. दुसरीकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण आले आहे आणि त्याला श्रेयांक आहेत. कल्पना चांगली आहे. पण एकशेवीस विद्यार्थ्यांच्या वर्गाला जागा मिळवून देण्याचे काम विभागप्रमुखाकडे येते, तेव्हा पहिल्या आठवड्यातच यादीचे दोन भाग पडतात. ज्यांचे काका दलाली पेढीत वा लेखापरीक्षकाकडे आहेत, त्यांची पत्रे लगेच येतात. उरलेल्यांसाठी आम्ही फोन फिरवितो, आणि पलीकडून बहुधा पहिला प्रश्न येतो तो मुलगा कोणाच्या ओळखीचा आहे, हा. गेल्या वर्षी आमच्या विभागाने अशा एकोणीस विद्यार्थ्यांना शेवटी तालुक्यातील दोन पतसंस्थांत पाठविले. तेथील व्यवस्थापकांनी ओळख विचारली नाही, जी. डी. सी. अँड ए.ला बसणार का, एवढेच विचारले. त्यांपैकी अकरा जणांनी अर्ज भरला आहे.